वरच्या अंगाची बातमी

मे महिन्यात माझा मामेभाऊ गावी आला होता. पुण्यात असतो, यावेळी सहा वर्षांनी आला. सकाळी आम्ही दोघं बंधाऱ्यावर फिरायला गेलो. कराडच्या खाली कृष्णेवर कोल्हापूर पद्धतीचे जे बंधारे आहेत, त्यांतलाच हा एक. पावसाळा सरला की गाळ्यांत लोखंडी बर्गे बसवायचे, पाणी अडवायचं, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर ते काढून काठावर रचून ठेवायचे. बंधाऱ्याच्या मधोमध येऊन भाऊ थांबला, खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "काय रे, हे पाणी एवढं हिरवं कधीपासून झालं?"

मी रोज त्या बंधाऱ्यावरून जातो. पाणी किती चढलंय, बगळे किती आहेत, कुणाच्या मोटारीचा पाइप उघडा पडलाय, सगळं मला माहीत असतं. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "उन्हाळ्यात असंच असतं," म्हणालो. "मुळीच नाही. आपण पोहायचो तेव्हा तळाचे गोटे दिसायचे."

दिसत असतील. पण लहानपणच्या नदीचं पाणी कुणाच्याच आठवणीत गढूळ नसतं. मी रोज बघतो म्हणून मला बदल कळत नाही, आणि तो बघतच नाही म्हणून त्याला सगळंच बदललेलं वाटतं. कोर्टात उभे केले तर आम्ही दोघंही साक्षीदार म्हणून कुचकामी.

तिसरा साक्षीदार आहे, हे मला माहीत होतं. कधी विचारलं मात्र नव्हतं. लँडसॅट नावाच्या उपग्रहांची मालिका १९७२ पासून पृथ्वीची चित्रं काढते आहे. ७०५ किलोमीटर उंचीवरून एकेक उपग्रह दर १६ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवर येतो. सध्या दोन आहेत, आठवा आणि नववा, म्हणून आठ दिवसांनी एक फेरी होते. येण्याची वेळही ठरलेली: त्या त्या जागच्या सूर्यवेळेप्रमाणे दहाच्या थोडं पुढे, म्हणजे आपल्याकडच्या घड्याळात सकाळी अकराच्या सुमारास. वेळ ठरवून घेण्याचं कारण साधं आहे. साडी घेताना बायका ती दुकानाच्या दाराशी नेऊन बघतात, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. नदीचाही फसवतो. सकाळी सोनेरी, भर दुपारी पांढरट, संध्याकाळी शिशासारखी. रंगांची तुलना करायची तर उजेड शक्य तितका सारखा हवा, आणि हवेत बाष्प आणि ढग अजून साचलेले नसतात अशी वेळ हवी.

या मालिकेतला पाचवा उपग्रह १९८४ च्या मार्चमध्ये वर गेला. त्याचं आयुष्य तीन वर्षं धरलं होतं. तो २०१३ पर्यंत काम करत राहिला. सरकारी खात्यात असा एखादा माणूस असतो, ज्याच्या निवृत्तीची तारीख सगळे विसरतात आणि तो वेळेवर येऊन रजिस्टर भरत राहतो, तसंच काहीसं. पण ही रजिस्टरं फार काळ कुणी उघडत नव्हतं, कारण एकेका चित्राला सुमारे ६०० डॉलर पडायचे. २००८ साली ती सगळ्यांना फुकट खुली झाली. तेव्हापासून जुनी बाडं चाळणारे तयार झाले.

भाच्याला बसवून मीही आमच्या बंधाऱ्याची चित्रं शोधून काढायला लावली. पहिल्यांदा निराशाच झाली. लँडसॅटच्या चित्रातला एक चौकोन म्हणजे तीस मीटर बाय तीस मीटर, जवळजवळ नऊ गुंठ्यांचा तुकडा. या नऊ गुंठ्यांत जे काही असेल त्याचा मिळून एकच रंग. आमची कृष्णा त्यात जेमतेम चार-पाच चौकोन रुंद. कडेच्या चौकोनांत अर्धं पाणी आणि अर्धा ऊस. मधले दोन-तीनच काय ते निखळ पाण्याचे. तरी मार्च ते मेची वीसेक वर्षांची चित्रं आम्ही ओळीने लावली. कधी हिरवट, कधी काळपट, एखाद्या वर्षी मातकट. मला वाटलं, बघा, विशेष काही फरक नाही. तीच चित्रं भावाला पाठवली. त्याचा लगेच फोन: "बघ, म्हणालो नव्हतो?"

म्हणजे पुरावा समोर ठेवूनही आम्ही ज्याला त्याला हवं तेच बघितलं. या अडचणीवर शास्त्रज्ञांनी काढलेली तोड मला आवडली. ते रंगाला नाव देतच नाहीत, आकडा देतात.

आधी चित्रातून नदी कापून घ्यायची. त्यासाठी डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश कामाला येतो. झाडं आणि जमीन तो भरपूर परत पाठवतात, पाणी तो पिऊन टाकतं. त्या प्रकाशात काढलेल्या चित्रात शेतं उजळ आणि नदी काळ्या रिबिनीसारखी दिसते; कात्री कुठून चालवायची ते स्पष्ट. मग त्या रिबिनीतल्या चौकोनांकडे निळ्या, हिरव्या आणि तांबड्या प्रकाशात पाहायचं, आणि तिघांचं गणित करून एकच तरंगलांबी काढायची: या पाण्याच्या रंगावर सगळ्यांत जास्त सत्ता कोणाची? आकडा नॅनोमीटरमध्ये येतो. ४९५ च्या खाली असेल तर निळं, ५६० च्या वर गेलं तर पिवळं, मधलं सगळं हिरवं. "हिरवंगार", "हिरवट", "जरा हिरवंच" यावरून भावाभावांत भांडण होऊ शकतं. ५५२ वरून होत नाही.

पाण्याचा स्वतःचा रंग हा प्रकार तसा नाजूकच. भरपूर खोल आणि नितळ असेल तर पाणी तांबडा प्रकाश शोषतं, निळा विखरून परत देतं, म्हणून निळं दिसतं. समुद्राची निळाई म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅलेसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ म्हणून गेला होता. १९२१ साली इंग्लंडहून बोटीने परतताना सी. व्ही. रामन भूमध्य समुद्राकडे बघत बसले. जवळ निकोलचा लोलक होता; त्यातून एका विशिष्ट कोनाने पाहिलं की पाण्याच्या पाठीवर पडलेलं आकाश गळून पडतं. आकाश गेलं, निळा रंग गेला नाही. उलट गडद झाला. यावरचं त्यांचं पत्र 'नेचर'ला गेलं ते मुंबई बंदरातून, नारकुंडा बोटीवरूनच. उपग्रहचित्रं वाचणारे आज नेमकं हेच करतात, फक्त लोलकाच्या जागी गणित असतं. पाण्यावरून उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला मोठा वाटा मधल्या हवेचाच असतो. तो वजा केल्याशिवाय पाण्याबद्दल एक अक्षर बोलता येत नाही.

नदीचा रंग मात्र पाण्याचा क्वचितच असतो. तो पाहुण्यांचा असतो. बारीक माती मिसळली की पाणी पिवळं ते तांबडं. शेवाळ वाढलं की हिरवं, कारण त्यातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा ठेवून घेतं. कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरला तर कोऱ्या चहासारखं. ब्राझीलमध्ये मानाउस शहराजवळ रिओ निग्रो, नावाप्रमाणेच काळी, आणि मातकट सोलिमोंइस एकमेकींना भेटतात आणि काही किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. त्यांतली काळी नदी घाण नाही. जंगलातला पाला भिजलेलं ते पाणी आहे, गाळ जवळजवळ नसलेलं. आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की नाल्याची आठवण येते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अमेरिकेत संशोधक जॉन गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ मीटरहून रुंद अशा सगळ्या नद्या घेतल्या, मिळून सुमारे १,०८,००० किलोमीटर. १९८४ ते २०१८ पर्यंतची २,३५,००० लँडसॅट चित्रं त्यांनी संगणकाला घातली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातला पहिला निष्कर्ष वाचून मला आमचे चित्रकलेचे मास्तर आठवले. नदी निळीच रंगवायची, हा त्यांचा दंडक. इथे निम्म्याहून जास्त, ५६ टक्के नद्या बहुतांश काळ पिवळ्या निघाल्या आणि ३८ टक्के हिरव्या. निळ्या नद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

दुसरा निष्कर्ष माझ्या भावाच्या बाजूचा आहे. चौतीस वर्षांत तिथल्या सुमारे एक तृतीयांश नद्यांचा रंग ठळकपणे बदलला. उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या बऱ्याच नद्या हिरव्याकडे सरकल्या, पूर्वेकडच्या पिवळ्याकडे. आणि सगळ्यांत झपाट्याने बदल कुठे? धरणांजवळ आणि शहरांजवळ. त्या काठांवर रोज फिरायला जाणारी माझ्यासारखी माणसं असणारच. "असंच असतं," म्हणत असणार.

हिरवं होण्यातली गोम धरणाशी गेलं की कळते. पाणी थांबलं की माती तळाला बसते. माती बसली की ऊन खोलवर शिरतं. खाली शेतातून उतरलेलं खत आधीच हजर. ऊन आणि खत मिळालं की शेवाळाला आणखी काय हवं? आमच्या बंधाऱ्यावर बर्गे पडतात तेव्हा याचीच छोटी आवृत्ती होत असावी. मिसुरी नदीबद्दल तिकडे जुनी थट्टा आहे, की हे पाणी प्यायला फार दाट आणि नांगरायला जरा पातळ. धरणांनी त्या थट्टेतली बरीच माती खाली बसवली.

कोलोरॅडोची गोष्ट तर नावापासून सुरू होते. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ तांबूस. लाल खडकांतून लाल माती घेऊन येणारी नदी म्हणून तांबडी. १९६३ साली ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. तेव्हापासून माती मागे जलाशयात राहते आणि धरणाखाली येणारं पाणी थंड, नितळ, हिरवट असतं. पर्यटक त्याचे फोटो काढतात. सुंदर दिसतंच ते. पण गाळ नसलेल्या अशा पाण्याला नदीअभियंते 'भुकेलं पाणी' म्हणतात. नदीच्या अंगात गाळ वाहण्याची ताकद असते; वरून गाळ मिळाला नाही तर ती खालचे काठ आणि वाळूची बेटं कुरतडते. ग्रँड कॅन्यनमधल्या वाळूच्या पुळणी अशाच झिजल्या. म्हणून १९९६ पासून तिथे अधूनमधून धरणातून मुद्दाम पूर सोडतात, तळाची वाळू उचलून पुन्हा काठावर टाकण्यासाठी. आधी स्वच्छ करायचं, मग गढूळ करण्यासाठी खटपट करायची.

आपल्याकडची गोष्ट याच्या उलट आहे. अरुणाचलातली सियांग हिवाळ्यात निळी-हिरवी, आरपार असते. २०१७ च्या नोव्हेंबरात ती राखेसारखी काळपट झाली आणि तशीच राहिली. पावसाळा केव्हाच संपलेला, मग एवढा गाळ आला कुठून? ही नदी तिबेटातून येते, तिथे ती त्सांगपो. आसामात पुढे ब्रह्मपुत्रा. वरच्या अंगाला चीन बोगदा खणत असणार, असा संशय बळावला. जाऊन बघायची सोय नव्हती. नदीचं मूळ शोधू नये, असं आपली म्हण सांगते. इथे शोधायचं म्हटलं तरी मध्ये सरहद्द. उपग्रहांना सरहद्द नाही. चित्रं तपासली तेव्हा तिबेटातल्या डोंगरउतारांवर ताजे ओरखडे दिसले. १८ नोव्हेंबरला तिथे मोठा भूकंप झाला होता, दरडी थेट नदीत कोसळल्या होत्या. कोसळलेला डोंगर शेकडो किलोमीटर खालच्या माणसांना आधी दिसला तो पाण्याच्या रंगात.

आणि सोळा दिवस म्हणजे किती, ते लोणारने दाखवलं. ती नदी नव्हे, सरोवर. पण रंगाचा हिशोब तोच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ते गुलाबी झालं. नासाने लँडसॅटची दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली: २५ मे आणि १० जून. पहिल्यात हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. एका फेरीत रंग पालटला. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे सूक्ष्मजीव सापडले. हे काम उपग्रहाच्या आवाक्यातलं नव्हतं. रंग पालटला एवढं तो सांगू शकला. का पालटला, त्यासाठी कुणीतरी काठावर जाऊन बाटली भरावी लागली.

आता जुलै आहे. आठवड्यापूर्वी बर्गे निघाले, बंधाऱ्याचे गाळे मोकळे झाले, आणि परवा रात्री वर घाटात पाऊस कोसळला. काल सकाळी बंधाऱ्यावर गेलो तर हिरव्याचा मागमूस नव्हता. विटेच्या रंगाचं पाणी, त्यावर फेसाचे लांबट पट्टे, मधूनच उपटून आलेलं घाणेरीचं झुडूप. मी भावाला फोटो पाठवला नाही. पाठवला असता तर म्हणाला असता, हे आमच्या वेळेचं पाणी.

आणि नेमक्या याच दिवसांत आमचा तिसरा साक्षीदार आंधळा असतो. जून ते सप्टेंबरमधली आमच्या भागाची चित्रं भाच्याने उघडली तेव्हा पडद्यावर कापूस पिंजून पसरल्यासारखे ढग. वर्षभराची बहुतेक सगळी माती ज्या चार महिन्यांत वाहून जाते, त्यातल्या कित्येक फेऱ्या कोऱ्या. ढगांतून आरपार बघणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांना रंग कळत नाही. ओढ्यांचं तर बोलायलाच नको. गावाशेजारचा आमचा ओढा नऊ गुंठ्यांच्या चौकोनात कुठेतरी उसाखाली हरवलेला आहे. त्याचा रंग साखर कारखान्याच्या हंगामात काय असतो, हे अजून तरी नाकाने आणि डोळ्यांनीच ठरवायचं.

आज सकाळी नळालाही लालच पाणी आलं. नळाचं पाणी उपसायची जॅकवेल नदीतच, वेगळं काय येणार? लहानपणी अशा पाण्यासाठी आजी निवळीची बी उगाळायची, आता तुरटी. सौ.ने हंड्यात तुरटीचा खडा धरून सात-आठ वेळा गोल फिरवला आणि झाकण ठेवलं. अकराच्या सुमारास मी झाकण काढून बघितलं. बाहेर आभाळ गच्च भरलेलं. उपग्रहाची आज फेरी असलीच तर त्यालाही ढगच दिसणार होते. हंड्यात मात्र पाणी निवळलं होतं, बूड स्पष्ट दिसत होतं, आणि बुडाशी बोटभर नाही पण नखभर तांबडा थर. वरचं पाणी अलगद दुसऱ्या हंड्यात ओतून घेतलं आणि उरलेल्यात बोट फिरवलं. लोण्यासारखी मऊ माती. महाबळेश्वरच्या बाजूची असेल, वाईच्या शेतातली असेल, कुणाच्या तरी बांधावरची असेल.

हंडा मोरीकडे न्यायला उचलला, तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, ते मोरीत ओतू नका. तुळशीत घाला."